धोंडीभाऊंचं ब्लूटूथ

सकाळी पावणेसहा वाजता तुम्हाला कधी विहिरीतून फोन आला आहे का? मला आला आहे. एकदा नाही, तीनदा. आणि फोन करणारा माणूस विहिरीत पडला नव्हता, बुडत नव्हता, कसल्याही संकटात नव्हता. तो आपल्या पायांनी, पूर्ण शुद्धीवर, विहिरीच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसला होता आणि तिथून मला विचारत होता, "गुरुजी, आवाज कसा येतोय? धापैकी किती?"

मी झोपेत म्हणालो, "आठ."

"आठ कसं? घुमत न्हाई का?"

"घुमतोय थोडा."

"मंग आठ कशापायी दिलं? पोरांचे पेपर बी असंच तपासता का काय राव?"

आणि फोन बंद. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या पेपर तपासण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. ते विहिरीतून काढलं गेलं.

हे आमचे धोंडीभाऊ. महाळुंगे पडवळला माझ्या घराला लागूनच त्यांचा मळा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, ते शेतकरी. मी त्रेपन्नचा, ते सहासष्टचे. आमच्या दोघांच्या मधे शेवग्याची तीन झाडं आणि एक तारेचं कुंपण आहे. कुंपण मी घातलं. त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण धोंडीभाऊंनी ते घातल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यावर ओली गोधडी वाळत टाकून "बघू किती वजन पेलतंय" म्हणून परीक्षा घेतली आणि कुंपण त्यात नापास झालं.

परीक्षा हा या माणसाचा रोग आहे. "परीक्षा घेतल्याबिगार पदरात घ्यायचं न्हाई," हे त्यांचं ब्रीद. बादली घेतली की ती पालथी घालून तिच्यावर उभे राहणार. बॅटरी घेतली की ती पेटवून पाण्याच्या हौदात सोडणार आणि हौदाच्या काठावर बसून वाट बघणार. प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेतल्या तेव्हा त्यांनी गावातले तीन सर्वांत जाडजूड गृहस्थ चहाला बोलावले. चहा पाजला, खुर्च्यांकडे टक लावून बघितलं आणि त्यांची रवानगी केली. त्या तिघांना आजतागायत कळलेलं नाही की आपल्याला कशासाठी बोलावलं होतं.

मुलगी बघायला आलेल्या मुलाचीही त्यांनी गय केली नाही. मुलगा भोसरीच्या कारखान्यात नोकरीला, कडक इस्त्रीच्या कपड्यात आलेला. पोहे झाल्यावर धोंडीभाऊंनी त्याला कांद्याच्या बराखीत नेलं आणि दहा गोण्या कांदा भरायला लावला. बिचाऱ्यानं भरला. धोंडीभाऊंनी प्रत्येक गोणीचं शिवलेलं तोंड ओढून पाहिलं आणि बाहेर येऊन पाहुण्यांना सांगितलं, "टाका मजबूत घालतोय. पोरगी नांदंल." संगीता आज सुखानं नांदते आहे, हे कबूल केलंच पाहिजे. पण ही काय पद्धत झाली?

असा माणूस जेव्हा कानात घालायचं बिनवायरचं यंत्र विकत घ्यायचं ठरवतो, तेव्हा शेजाऱ्यानं गाव सोडून जावं, एवढंच मी सांगेन. मी गेलो नाही, ही माझी चूक.

त्याचं असं झालं. दिवाळीनंतर धोंडीभाऊंच्या मंडळी, हौसाकाकू, गोठ्यात शेणावरून घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं. तिथून संगीतानं त्यांना भोसरीला आपल्या घरी नेलं, कारण इथं मळ्यावर त्यांचं करणार कोण? डॉक्टरांनी सांगितलं होतं, वॉकर धरून रोज चाला, हळूहळू वाढवा, म्हणजे उन्हाळ्याच्या आत आपल्या पायांनी घरी जाल. नाही चाललात तर मग खुर्ची आणि भिंत. मागे मळ्यावर राहिले धोंडीभाऊ आणि गजरी. गजरी म्हणजे काकूंची म्हैस. ती धोंडीभाऊंची नव्हे, काकूंची. हा फरक त्या गोठ्यात फार कडक पाळला जातो.

एका संध्याकाळी धोंडीभाऊ कुंपण ओलांडून आले. हातात त्यांचा बटणांचा फोन, आणि फोनमधून दूध गळत होतं.

"बादलीत पडला," ते म्हणाले. "मान वाकडी करून खांद्यानं धरला व्हता. गुरुजी, ते कानात घालायचं ब्लूटूथ आसतंय, त्ये आपल्याला पायजे. दोन हात मोकळे पायजेत."

"कशाला?"

"कामाला. आन् स्वस्तातलं. पण चांगलं."

आमच्याकडे त्या यंत्राला सगळे ब्लूटूथच म्हणतात. मी म्हटलं, मंचरला बाजारात मिळेल, जा आणि घ्या. तेवढं बोलून मी मोकळं व्हायला हवं होतं. पण मास्तरकी आडवी आली आणि मी म्हणालो, "चला, मी येतो बरोबर."

दुकानात धोंडीभाऊंनी घातलेला गोंधळ मी विसरायचा प्रयत्न करतो आहे. दुकानदार मोठ्या उमेदीनं म्हणाला, "काका, ह्याची बॅटरी दिवसभर चालते."

"दिवसभर म्हंजी हापिसातला दिवस का शेतकऱ्याचा?"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघायला लागलो.

"म्हशीनं लाथ मारली तर?"

"तशी गॅरंटी कंपनी देत नाही, काका."

"मंग कंपनीला इचारा ना, म्हस न्हाई का पाहिली कधी?"

शेवटी एका कानात अडकवायचं, भुईमुगाच्या शेंगेएवढं एक यंत्र त्यांनी पसंत केलं. नवा फोनही घेतला, तोसुद्धा बटणांचाच, कारण काचेच्या फोनला शेणाचा हात लावला तर तो ऐकत नाही. दुकानदारानं यंत्र जोडून त्यांच्या कानात बसवलं. दुसऱ्या क्षणी धोंडीभाऊ ताडकन उभे राहिले.

"कोण ही?"

"कोण?"

"बाई. कानात बाई बोलली. इंग्लिशमदी."

यंत्र जोडलं गेलं की ते तसं सांगतं, हे समजावून द्यायला आम्हाला पाव तास लागला. "मंडळी घरात न्हाईत, आन् म्या कानात परकी बाई घालून फिरू व्हय?" असं म्हणत ते एसटी स्टँडपर्यंत धुमसत होते.

आणि दुसऱ्या दिवशी परीक्षांचं वेळापत्रक सुरू झालं. परीक्षार्थी ते यंत्र, परीक्षक धोंडीभाऊ, आणि मार्क द्यायला मी. मला कुणी विचारलं होतं? कुणीही नाही. विहीर झाली. मग पिठाची गिरणी झाली. मग कडबाकुट्टी. मग फवारणीचा पंप पाठीवर घेऊन. मग पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून पेठच्या रस्त्यानं. फोन घरात ओट्यावर ठेवून ते पावलं मोजत बांधाकडे चालायचे आणि आवाज तुटला की तिथं दगड ठेवायचे. आजही मळ्यात त्या दगडाला ठेच लागते.

एक परीक्षा उसात झाली. आमच्याकडे उसात शिरताना माणूस मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतो, म्हणजे बिबट्या आत असेल तर बाजूला होतो. धोंडीभाऊंनी गाणी लावली नाहीत, मला फोन लावला. "गुरुजी, मी आता आत जातोय. पाचटाचा आवाज येतोय का बघा. आन् दुसरा कसला आवाज आला तर मला सांगा." मी ओसरीवर बसून, हातात चहाचा कप घेऊन, दुसऱ्याच्या उसातला बिबट्या ऐकत होतो. चहा गार झाला.

"किती?"

"सहा. सळसळ फार येते, तुमचं बोलणं बुडतं."

"सळसळ येती ना? मंग सात लिवा."

हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. मी विचारलं नाही, कारण मला ते लवकर बाहेर यायला हवे होते.

फोन कधी यायचा याला धरबंध नव्हता. वर्गात आला. मुख्याध्यापकांच्या मीटिंगमध्ये आला. लोणीला एका सोयऱ्यांच्या दशक्रियेला आम्ही दोघं गेलो होतो. घाटावर मांडव, प्रवचन संपलेलं, पुढारी मंडळींची श्रद्धांजलीची भाषणं सुरू. आमच्याकडे दशक्रियेला पंधरा-वीस भाषणं होतात. मयताला नसते तेवढी घाई पुढाऱ्यांना असते. एका वक्त्यानं गहिवरून विचारलं, "आबा, तुम्ही आज कुठं आहात?" त्याच क्षणी मांडवाच्या मागच्या बाजूनं धोंडीभाऊंचा खणखणीत आवाज आला, "हितंच हाय! भोंग्याजवळ हुभा हाय! ऐकू येतंय का?"

तो फोन मला होता. मी अजून उचललाही नव्हता, माझ्या खिशात वाजत होता. चारशे माणसांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

गावातही चर्चा सुरू झाली. धोंडीभाऊ बांधावरून एकटेच हातवारे करत, मोठ्यानं बोलत चाललेले दिसायचे. टोपीखाली कानातली शेंग कुणाच्या लक्षात यायची नाही. मंडळी भोसरीला गेल्यापासून म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं बायका म्हणू लागल्या. एकीनं तर अंगारा आणून दिला. धोंडीभाऊंनी तो घेतला, कपाळाला लावला आणि कानातल्या शेंगेला बोट लावून तिलाच विचारलं, "तुजा आवाज ह्येच्यात जरा घुमल्यावानी का येतो गं?"

महिनाभर हे चाललं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. शेवटी एका रविवारी मी त्यांना जवळजवळ ओढत मंचरला नेलं आणि दुकानदाराला सांगितलं, "ह्यांना असं काहीतरी द्या, की ह्यांचा आवाज स्वच्छ, काचेसारखा येईल. म्हणजे मला परत फोन येणार नाही."

त्यानं एक गळ्यात अडकवायचं यंत्र काढलं. काळा पट्टा, दोन्ही टोकांना कानात घालायची बोंडं. "सर, हे आजूबाजूचा सगळा गोंगाट कापून टाकतं. फक्त बोलणाऱ्याचा आवाज पुढं पाठवतं. आणि किंमत बघा, आधीच्यापेक्षा थोडीशीच जास्त."

आम्ही ते गावात आणलं आणि थेट गिरणीत गेलो. धोंडीभाऊ आत, जात्याला टेकून. मी रस्त्यापलीकडे, पिंपळाखाली. फोन लावला. आणि काय सांगू! गिरणीचा मागमूस नाही. पट्ट्याचा खडखडाट नाही, बायकांची कलकल नाही. फक्त धोंडीभाऊ, जसे काही देवळाच्या गाभाऱ्यात एकटे बसून माझ्याशी बोलत आहेत.

"दहापैकी दहा!" मी ओरडलो. वीस वर्षांत मी कुणाला पैकीच्या पैकी दिले नव्हते.

धोंडीभाऊ गिरणीतून पीठ झटकत बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर हवा तेवढा आनंद नव्हता.

"समदंच कापतं का वो?"

"सगळं!"

"बारीकसारीक आवाज बी?"

"अहो, सुई पडलेली ऐकू येणार नाही. घ्या आता."

मी सांगितलं म्हणून त्यांनी ते घेतलं. मास्तर माणूस, शिकलेला, दहापैकी दहा म्हणतोय म्हणजे असेल. जुनी शेंग त्यांनी तिथल्या तिथं गिरणीवाल्याला देऊन टाकली. मी घरी आलो आणि दुपारी दोन तास गाढ झोपलो.

चार दिवस शांततेत गेले. मला वाटलं, सुटलो.

पाचव्या दिवशी मी तिसरीच्या वर्गावर होतो. पोरं सतराचा पाढा म्हणत होती. दार धाडकन उघडलं आणि धोंडीभाऊ आत आले. टोपी हातात, डोळे लाल. त्यांनी गळ्यातला पट्टा काढून माझ्या टेबलावर आपटला.

"गुरुजी, तुमी माजी म्हस इकली!"

पोरं फिदीफिदी हसायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या वर्गात, माझ्या पोरांसमोर, माझ्यावर म्हैस विकल्याचा आळ! मी पाढा तसाच सोडला, त्यांचा दंड धरला आणि त्यांना व्हरांड्यात आणलं.

"काय बोलताय धोंडीभाऊ? गजरी सकाळी मी स्वतः पाहिली. वैरण खात होती."

"तुमी पाहिली. म्या बी पाहिली. तिला कुठं दिसती भोसरीत?"

मग ते पायरीवर बसले आणि बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, मैदानातल्या झेंड्याच्या खांबाकडे बघत.

रोज सांजच्याला सहाला हौसाकाकूंचा फोन यायचा. धारेच्या वेळेला. दोन हात मोकळे हवे होते ते त्यासाठी.

"काय बोलता रोज?" मी विचारलं.

"बोलायचं काय? चाळीस-पंचेचाळीस वर्सं झाली लग्नाला. ती ऐकती."

"काय ऐकतात?"

"धार." ते जरासे ओशाळले. "बादलीतली धार ऐकती. आवाजावरनं सांगती, पान्हा उतरला का न्हाई, खायला आंबोण कमी पडलं का, मागला सड राहिलाय का. मधीच गजरी फुसकारली तर हसती. आन् धार चालू झाली का तिकडं वॉकर धरून उठती. धार सरंस्तवर चालती. पोरगी म्हणती, डागदरनं सांगितल्यापरीस जास्ती चालती आई. एरवी उठाय तयार नसती, पण सहाला म्हंजी सहाला उठती."

आता माझ्या लक्षात यायला लागलं. उसातली सळसळ आली म्हणून वाढवून मागितलेला एक मार्क. गिरणीबाहेरचा तो पडलेला चेहरा.

"तुमच्या ह्या धापैकी धानं पैल्याच दिशी घात केला," धोंडीभाऊ म्हणाले. "ती म्हणली, आज धार का काढत न्हाई? म्हणलं, काढतोय की. म्हणली, आवाज न्हाई. म्हणलं, नवीन ब्लूटूथ हाय, गुरुजींनी दिलंय निवडून, बाहेरचा आवाज कापतंय. तर म्हणली, म्हशीचा आवाज कापतंय आन् तुमचा कापत न्हाई, आसं कुठं यंत्र आसतं व्हय? लेकरू समजून बनवताय का मला?"

"मग?"

"मंग काय. बादली पार तोंडाशी आणली. गजरी दोन डाव हांबरली, त्ये बी यंत्रानं गिळलं. ती म्हणली, इकली ना म्हस? खरं सांगा."

काकूंना तसं वाटण्यात काही वेडेपणा नव्हता. संगीता आणि जावई महिनाभर म्हणत होते, एकटा माणूस, म्हैस विकून टाका. आणि बारा वर्षांपूर्वी काकू दहा दिवस माहेरी गेल्या होत्या, तेव्हा धोंडीभाऊंनी त्यांची आधीची म्हैस त्यांना न विचारता बाजारात नेली होती. ते त्यांनी स्वतःच मला सांगितलं, आणि सांगताना मान वर केली नाही.

"अहो, मग व्हिडिओ कॉल करा. माझ्या फोनवरून दाखवू गजरी."

"पुतण्याच्या फोनवरनं दाखवली काल. म्हणली, काळी म्हस कुणाची बी काळीच दिसती. फोन फिरवला आन् भिंतीकडं तोंड करून निजली." त्यांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. "दोन दिस झालं, उठली न्हाई. वॉकरला हात लावत न्हाई. पोरीला म्हणती, जिथं माजी म्हस न्हाई तिथं चालत जाऊन काय करू?"

मला राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येणार नाही. त्या दुकानदाराचा आला, त्या काळ्या पट्ट्याचा आला, बारा वर्षांपूर्वीच्या व्यवहाराचा आला. आणि सर्वांत जास्त माझा स्वतःचा आला. महिनाभर मी या माणसाला मार्क देत होतो आणि एकदाही विचारलं नव्हतं, की भाऊ, तुम्ही नेमकं काय ऐकवायला बघताय? मला फक्त फोन बंद व्हायला हवा होता.

"फोन बादलीजवळ धरायला कुणाला तरी बोलवायचं ना, स्पीकर लावून!" मी त्यांच्यावरच ओरडलो. "मी कुंपणापलीकडे बसलेला असतो!"

"काय सांगू बोलवून? बायकूला धार ऐकवायची, जरा फोन धरा? लोक काय म्हणतील वो गुरुजी?"

उसात, विहिरीत, दशक्रियेच्या मांडवात जगाची पर्वा न करणारा माणूस हे मला विचारत होता!

संध्याकाळी पावणेसहाला मी गोठ्यात हजर झालो. शाळेची पँट बदलायचं सुचलं नाही. संगीताला आधी फोन करून सांगितलं, की आईला काही बोलायचा आग्रह करू नको, फोन नुसता उशाशी ठेव. मग धोंडीभाऊंचा फोन स्पीकरवर टाकला आणि मी गजरीच्या मागच्या पायापासून वीतभर अंतरावर, बादलीजवळ उकिडवा बसलो. इतक्या जवळून म्हशीचा पाय पाहण्याचा मला सराव नाही. तो फार मोठा असतो.

धोंडीभाऊंनी कास धुतली, रेडकू लावलं, ओढून बाजूला बांधलं आणि सडांना हात घातला.

काहीही आलं नाही.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. एक थेंब नाही. गजरी मान वळवून माझ्याकडे बघत होती.

"चोरला पान्हा," ते दातओठ खात कुजबुजले. "तुमच्या अंगाला खडूचा वास येतोय."

म्हणजे आता मीच! चार दिवसांनी पहिल्यांदा काकूंच्या कानाशी गोठा नेला होता, आणि गोठ्यात आवाजच नव्हता. फोनच्या पलीकडेही काही हालचाल नव्हती. मी उठून जाऊ का, असं मी खुणेनं विचारलं, तर धोंडीभाऊंनी मान हलवली. फोन कोण धरणार?

"गजरे, सोड की गं," ते म्हणाले. आवाज पार रडवेला झाला होता. "सोड बाय. एवढा डाव सोड."

गजरीनं साखळी खळकन ओढली आणि एक लांब फुसकारा टाकला. तो फोनच्या अगदी तोंडावर टाकला. माझी बाही भिजली.

पलीकडे काहीतरी हललं. पलंग करकरला.

"परकं माणूस हाय गोठ्यात," हौसाकाकूंचा आवाज आला. बारीक, बसलेला. "कोण हाय?"

"गुरुजी हायेत," धोंडीभाऊ घाईनं म्हणाले. "फोन धरून बसल्यात."

"त्येंना म्हणावं, तिच्या डोळ्याम्होरं नका बसू. जरा मागं सरा." मी सरलो. मग तो आवाज एकदम मऊ झाला, आणि तो आमच्या कुणासाठी नव्हता. "गजरे... ए गजरे. ये बाय माजी. आगं हितंच हाय मी. सोड, सोड बाय."

गजरीचे दोन्ही कान फोनकडे वळले. तिनं रवंथ थांबवला. मग सुरू केला. आणि धोंडीभाऊंच्या मुठीतून पहिली धार रिकाम्या बादलीच्या तळावर खणकन वाजली. दुसरी, तिसरी. मग दोन्ही हातांची लय लागली. दूध चढत गेलं तसा आवाज बदलत गेला, जाड होत गेला, फेसात शिरला. मी फोन दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

मग फोनमधून वेगळाच आवाज आला. टक. थोडं थांबून पाय घासल्याचा आवाज, आणि पुन्हा टक. फरशीवर काहीतरी उचलून ठेवल्यासारखं. लांबून संगीताची घाईघाईची चाहूल आली, आणि काकू तिला म्हणाल्या, "धरू नकोस गं मला."

धोंडीभाऊंचे हात थांबले. त्यांनी कपाळ गजरीच्या कुशीला टेकवलं होतं, ते तसंच राहिलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांनीच 'श्श' केलं. टक. टक. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते वाहू दिलं.

"का थांबलात?" काकूंनी विचारलं.

"तुजं चालणं ऐकतोय."

पलीकडे वॉकर पुन्हा एकदा टेकला. मग काकू म्हणाल्या, "ऐका नंतर. आधी कास मोकळी करा तिची. डावा मागला राहिलाय."

"हां," धोंडीभाऊ म्हणाले आणि त्यांनी डावा मागला सड धरला. बादलीत धार पडत राहिली, तिकडे फरशीवर वॉकर वाजत राहिला. मी शेणात उकिडवा बसून दोघांच्या मधे फोन धरला होता, आणि धार संपेपर्यंत दोघांपैकी कुणीही माझ्याशी एक शब्द बोललं नाही.